धाकट्याची छत्री

ऑरिन टॅकेटसारखी छत्री लावणारा माणूस अख्ख्या माळावर दुसरा नव्हता, आणि हे कुणी विसरू नये म्हणून तो स्वतःच दिवसातून दोनतीनदा सांगायचा. छत्री म्हणजे टीव्हीची. ती पांढरी गोल डिश. हिवाळा लागला की बर्फाच्या मुलखातली म्हातारी माणसं आपापली चाकावरची घरं हाकत वाळवंटातल्या क्वार्टझाइट गावाबाहेरच्या या खडकाळ माळावर उतरतात, तंबूसारखी इथंतिथं पसरतात आणि पहिलं काम काय करतात, तर गाडीबाहेर तिपाई मांडून तिच्यावर छत्री चढवतात. गाडी जागची हलली की छत्री काढायची, परत आली की पुन्हा लावायची. आभाळात कुठंतरी तो उपग्रह बसलाय, बरोब्बर त्याच्याकडे तोंड झालं पाहिजे. बोटभर इकडेतिकडे झालं की पडदा काळा.

हे काम दोघांचं. एक बाहेर तिपाईशी, एक आत टीव्हीसमोर. आतल्याने पडद्यावरचा सिग्नलचा आकडा ओरडून सांगायचा, बाहेरच्याने त्यावरून छत्री फिरवायची. चाळीस वर्षं गोडीत नांदलेली जोडपी या कामात एकमेकांच्या माहेरचं काढतात. ऑरिन आणि त्याची बायको वर्ना यांचं भांडण ऐकायला तर शेजारीपाजारी खुर्च्या ओढून बसायचे.

"वाढला! थांब! अरे थांब म्हटलं ना, गेला!"

"गेला तर आधी सांगायचं होतंस!"

"आधीच सांगितलं, तुझे कान केंटकीत राहिलेत!"

पण छत्री लागायची. दरवेळी लागायची. ऑरिन केंटकीच्या डोंगरातला. शाळा आठवीत सुटली, पुढं सगळा जन्म कोळशाचा ट्रक चालवला. होकायंत्र नको, यंत्र नको. दक्षिणेच्या डोंगराला एक खाच आहे, तिच्यावर डोळा धरायचा आणि तिथून हातभर डावीकडे सरकायचं. बास. कॅनडाहून आलेले, पेन्शनीत निघालेले मास्तर आणि बँकवाले त्याला हात धरून न्यायचे, "ऑरिन, जरा बघतोस का?" आणि ऑरिन पाना घेऊन असा निघायचा की वाटावं, ऑपरेशनला चाललाय.

या हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ क्लेल आला. एकटा. त्याची बायको इमोजीन वसंतात गेली. दोघं मिळून फिरायची, ती नकाशा बघायची, गाडी मागं घेताना मागं उभी राहून हात करायची, छत्री लावताना आतून आकडे सांगायची. ती गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता क्लेल गाडी विकणार. क्लेलने गाडी धुतली, टाकी भरली आणि तो केंटकीहून तडक इथं आला.

"माझा भाऊ," ऑरिन सगळ्यांना सांगायचा, "एकट्याने हाकलीये गाडी. वाटेत एकदासुद्धा रस्ता विचारला नाही."

"दोनदा विचारला," क्लेल म्हणायचा.

"दोनदा विचारला तो लोकांची परीक्षा घ्यायला."

क्लेल कमी बोलायचा. त्याचा भरवसा फोनवर. त्याच्या फोनमध्ये छत्री लावायचं अ‍ॅप होतं. फोन डोळ्यांसमोर आभाळाकडे धरला की कॅमेऱ्यातलं आभाळ दिसायचं, त्यावर एक पिवळी कमान काढलेली आणि कमानीवर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक उपग्रह. आपला ठिपका कुठं आहे ते बघायचं, छत्री तिकडे वळवायची. आत बसून ओरडणारं कुणी लागत नाही. क्लेलला नेमकं तेच हवं होतं.

पण त्याचा फोन दरवेळी चुकायचा. छत्री फोन सांगेल तशी वळवली की पडदा काळा. ऑरिनची छत्री बघून लावावी तर तेही नाही, दोघांच्या कंपन्या वेगळ्या, उपग्रह वेगळे. मग ऑरिन पाना घेऊन यायचाच.

"काय म्हणतोय तुझा फोन? उपग्रह त्या पाण्याच्या टाकीत बसलाय म्हणतो?"

"थांब जरा. बघू दे मला."

"बघतोस काय त्यात? सरक." आणि फोन धरलेला क्लेलचा हात बाजूला करून ऑरिन डोंगराच्या खाचेवर डोळा लावायचा. वर्ना क्लेलच्या गाडीत जाऊन आकडे ओरडायची. चित्र यायचं. क्लेल फोन खिशात घालून "थँक्यू" म्हणायचा आणि आत जायचा.

हे असंच चाललं असतं. पण दर रविवारी क्लेलच्या मुलीचा, ट्वायलाचा, फोन यायचा. ती लेक्सिंग्टनला एका शाळेच्या ऑफिसात कामाला. एकुलती एक, आणि बापासारखी कमी बोलणारी, पण बोलली की तेच करणारी. एका रविवारी ती विचारत होती, "डॅडी, तिथं सगळं तू एकट्याने करतोस का?" आणि क्लेल उत्तराला शब्द शोधत होता, तेवढ्यात ऑरिनने त्याच्या हातातून फोनच घेतला.

"एकट्याने म्हणजे? अगं तुझा बाप पाणी भरतो, टाकी रिकामी करतो, गाडी लावतो. छत्री तर अशी लावतो, की कपातली कॉफी निवत नाही. मी नुसता खुर्चीत बसून बघतो."

फोन स्पीकरवर होता.

"बरं झालं," ट्वायला म्हणाली. "मला गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. मी येते पुढच्या आठवड्यात. काका म्हणतोय तसं असेल, तर मी गिऱ्हाइकाला नाही म्हणते. नसेल, तर डॅडी, तू माझ्यासोबत विमानात बसायचं. माझ्याकडे खोली तयार आहे."

फोन बंद झाल्यावर क्लेलने तो ऑरिनच्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "हे कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझ्या भावाला जमत नाही म्हणून सांगू? टॅकेटांच्या घरातल्याला?"

"खरं सांगायचं होतंस."

"खरं तेच होणार आहे. आठवडा आहे अजून. मी शिकवतो तुला."

"तू लांब राहिलास तर मी शिकेन."

ऑरिन लांब राहिला. म्हणजे एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी क्लेल तिपाईशी फोन घेऊन उभा दिसला, फोनचा ठिपका पुन्हा पाण्याच्या टाकीवर, आणि ऑरिनचे हात शिवशिवायला लागले. "सरक," तो म्हणाला. चित्र आलं. क्लेलने छत्रीवर पोतं टाकलं आणि आठवडाभर टीव्ही लावलाच नाही.

ट्वायला आली ती भाड्याची छोटीशी लाल गाडी घेऊन. बापाला मिठी मारली, काकाला मारली, वर्नाला मारली. दुपारच्या जेवणाला वर्नाने घेवड्याचं आमटीसारखं कालवण आणि मक्याची पोळी केली होती, ती गुपचूप खाल्ली. आणि मग म्हणाली, "डॅडी, टाकी भरली असेल ना तुझी?"

माळावर प्रत्येकाला काही दिवसांनी हे करावंच लागतं. सगळं आवरायचं, छत्री काढायची, घर घेऊन गावाकडे जायचं, घाण पाण्याची टाकी रिकामी करायची, चांगलं पाणी भरायचं, परत यायचं आणि पुन्हा सगळं मांडायचं. ट्वायला तो दिवस बघूनच आली होती.

"भरलीये," क्लेल म्हणाला.

"मग जा. मी इथं बसते. काकाही बसेल." तिने ऑरिनकडे बघितलं. "खुर्चीत. नुसता बघायला. तूच म्हणालास ना, तू बसून बघतोस म्हणून."

"मी बसतोच," ऑरिन म्हणाला.

क्लेल गेला आणि परतही आला. त्याची गाडी वळणावर दिसली तेव्हा ऑरिन उठायला लागला. इमोजीन असायची तिथं, मागं, हात करायला कुणीतरी हवं म्हणून. वर्नाने काय केलं, आतून त्यांचा म्हातारा कुत्रा पिकल उचलून आणला आणि ऑरिनच्या मांडीवर ठेवला. पिकल एकदा मांडीवर बसला की त्याला हलवलेलं खपायचं नाही. दात दाखवायचा.

"हे कशाला?" ऑरिन म्हणाला.

"त्याला ऊन हवंय," वर्ना म्हणाली.

क्लेलने गाडी मागं घेतली. थोडी घेतली, थांबवली, खाली उतरला, मागं जाऊन बघितलं, पुन्हा चढला. पुन्हा थोडी घेतली, पुन्हा उतरला. वेळ लागला, पण गाडी जुन्या चाकोऱ्यांत बरोबर बसली. मग चाकांखाली लाकडी ठोकळे घातले, गाडी सपाट बसली का ते कळायला आत जाऊन नळीतल्या पाण्याचा बुडबुडा बघितला, पुन्हा एक ठोकळा सारला. ट्वायला बघत होती. ऑरिन श्वास धरून बसला होता, कारण श्वास सोडला की पिकल गुरगुरायचा.

"हे झालं," ऑरिन हळूच म्हणाला. "बघितलंस? असा बाप कुणाचा आहे?"

"छत्री राहिलीये, काका." ट्वायलाने थर्मासमधून कागदी पेल्यात कॉफी ओतली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. वाफ निघत होती. "निवायच्या आत, नाही का?"

क्लेलने तिपाई मांडली, पाय सारखे केले, छत्री चढवली. मग खिशातून फोन काढला, आभाळाकडे धरला आणि सावकाश फिरला. पिवळी कमान, ठिपका. छत्री वळवली. आत जाऊन बघून आला. काळा पडदा. पुन्हा फोन धरला. पुन्हा तीच जागा, पाण्याची टाकी. छत्री जराशी हलवली, आत गेला, बाहेर आला. काळा.

ऑरिनला बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं. डोंगराची खाच समोर होती, छत्री तिच्यापासून कितीतरी डावीकडे बघत होती. उजवीकडे, उजवीकडे, एवढंच म्हणायचं होतं. तो खोकला. क्लेलने बघितलं नाही. ऑरिन पुन्हा खोकला आणि मान उजवीकडे टाकली.

"काका, खोकला झालाय का तुला?" ट्वायला म्हणाली.

"धूळ आहे."

"त्याला खोकला नाही, खोड आहे," वर्ना म्हणाली. "पिकल, बस रे."

क्लेलने ती मान मात्र बघितली होती. कारण तो ऑरिनकडे वळून म्हणाला, "नको. मला बघू दे."

एवढंच. पण या वेळी त्याला "सरक" म्हणणारं कुणी तिपाईजवळ नव्हतं. तो फोन धरून उभा राहिला. बराच वेळ. फोनकडे बघे, मग टोपी मागं सारून वर बघे, मग पुन्हा फोनकडे.

"ट्वायला," तो म्हणाला, "सूर्य कुठं आहे?"

"म्हणजे?"

"कुठं आहे सांग ना."

"तुझ्या समोर. त्या वाळलेल्या झाडाच्या वर."

"ह्यात तो टाकीवर दाखवतोय." अ‍ॅपमध्ये उपग्रहांबरोबर सूर्याचंही एक चित्र काढलेलं असतं, कमानीपाशी, छोटंसं. क्लेलने फोन तिच्याकडे वळवला. "सूर्य काही चुकणार नाही. म्हणजे फोनला दिशाच कळत नाहीये."

ऑरिनने बसल्या बसल्या मान लांब केली. त्याने हे कधी बघितलंच नव्हतं. बघायला फोन हातात राहायला हवा होता, आणि तो तर दरवेळी क्लेलचा हात बाजूला करत आला होता.

क्लेलने फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला, होकायंत्र जागेवर यावं म्हणून तसं करायचं असतं. पुन्हा धरला. सूर्य टाकीवरच. मग तो थांबला. फोन उलटा केला आणि त्याच्या जाड रबरी कव्हराकडे बघत राहिला. त्याला काहीतरी आठवलं होतं, हे लांबूनही दिसलं. अंगठ्याने त्याने कव्हराचा कोपरा सोडवला. कव्हराच्या आतून एक चपटी वस्तू तळहातावर पडली.

लांब शेपटीचा पक्षी होता, रंगवलेला, खाली न्यू मेक्सिको लिहिलेलं. पाठीला लोहचुंबक.

ट्वायला उठून जवळ गेली. "हे मम्माचं?"

"हो."

इमोजीनचा नाद होता. ज्या राज्यात जाईल तिथला एक चुंबक घ्यायची आणि शेगडीवरच्या पत्र्याला लावायची. तो पत्रा त्या चित्रांनी भरला होता.

"शेवटच्या फेरीत घेतला तिने," क्लेल म्हणाला. "आजारी पडली तिथंच. पुडीत होता, पुडीतच राहिला. मी इथं ठेवला."

"लावला का नाहीस?"

क्लेलने खांदे उडवले. "ती लावायची."

ट्वायलाने पक्ष्याच्या शेपटीवरून बोट फिरवलं. ऑरिन जागचा हलला नाही, आणि त्या दिवशी त्याला आवरायला पिकलची गरज पडली नाही, अशी ती एकच वेळ.

क्लेल चुंबक घेऊन आत गेला. थोड्या वेळाने पत्र्यावर टक् असा आवाज आला. त्यानंतर आत टीव्ही सुरू झाल्याची खरखर ऐकू आली, आणि ती खरखर वाढत वाढत इतकी मोठी झाली की वर्नाने कानांवर हात ठेवले. क्लेलने आवाज पार वरपर्यंत चढवला होता. मग तो बाहेर आला, कव्हर नसलेला उघडा फोन आभाळाकडे धरला, आठ काढला. फोनमधला सूर्य वाळलेल्या झाडावर येऊन बसला.

तो सावकाश उजवीकडे फिरला. ठिपका सापडला. छत्रीची कड धरून त्याने ती वळवली, थोडी, थोडी, आणखी थोडी.

"गुडघे दुखतात? जिना चढवत नाही?" असा टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या बाईचा आवाज माळभर घुमला. पलीकडच्या गाडीतून कॅनडाचा म्हातारा धावत बाहेर आला. पिकल ऑरिनच्या मांडीवरून असा उडाला की ऑरिन खुर्चीसकट मागं गेला. वर्ना हसता हसता खाली बसली.

क्लेलने नट आवळले. आत जाऊन आवाज कमी केला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं, नेहमीसारखाच होता. टोपी तेवढी अजून मागंच होती.

"आत कुणी लागत नाही," तो म्हणाला. "आवाज मोठा ठेवला की चित्र आलेलं बाहेर कळतं."

ट्वायलाने कॉफीचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काका, थंड झालीये."

"कागदी पेला," ऑरिन अंगावरची धूळ झटकत म्हणाला. "कागदी पेल्यात काय राहणार? चांगल्या कपात असती तर अजून चटका बसला असता."

ती हसली. मग फोन काढून थोडी लांब गेली आणि गिऱ्हाइकाशी बोलली. काय बोलली ते इतरांना ऐकू आलं नाही, पण क्लेल ती परत येईपर्यंत ठोकळे उगाच इकडचे तिकडे करत होता.

"उन्हाळ्यापर्यंत," ती म्हणाली. "उन्हाळ्यात घरी आलास की पुन्हा बोलू. आणि संध्याकाळी रोज फोन करायचा. तू. काकाने नाही."

"मी का नाही?" ऑरिन म्हणाला.

"कारण तू केलास तर डॅडीने डोंगर उचलला म्हणून सांगशील."

चार वाजले की माळावर बैठक बसते. ज्याने त्याने आपली खुर्ची आणायची, आपलाच पेला आणायचा, आणि गोल करून बसायचं. त्या दिवशी ऑरिन सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. लोक जमेपर्यंत गोष्ट दोनदा सांगून झाली होती. तिसऱ्यांदा सांगताना फोनने सूर्य पार उत्तरेला दाखवला होता, आणि क्लेलने तो एका नजरेत हेरला होता.

"काय सांगत होतो मी तुम्हाला?" ऑरिन म्हणाला. "रक्तातच आहे ते."

"तू काय केलंस मग?" कॅनडाच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"मी?" ऑरिन म्हणाला. "मी कुत्रं सांभाळलं. तेही कुणीतरी करावं लागतं."

क्लेल पेल्यात बघत बसला होता. त्याच्या खांद्याला ऑरिनची थाप बसली तेव्हा थोडं पेय सांडलं, ते त्याने पँटला पुसलं.

ट्वायला गेली. पुढच्या आठवड्यात माळावर वारा सुटला. वाळवंटातला वारा एकदा आला की दोन दिवस हलत नाही. खुर्च्या उडाल्या, एकाचं छत फाटलं आणि ऑरिनची छत्री तिपाईसकट आडवी झाली. वारा पडला त्या सकाळी ऑरिन पाना घेऊन बाहेर आला आणि दक्षिणेकडे बघून उभा राहिला. हवेत अजून धूळ भरलेली होती. डोंगरच दिसत नव्हता, मग खाच कुठली.

तो थोडा वेळ डोळे बारीक करून उभा राहिला. मग क्लेलच्या दाराशी गेला.

"तुझा तो फोन चार्ज आहे का?"

"आहे."

"वर्नाचा घसा बसलाय," ऑरिन म्हणाला. "ओरडता येत नाही तिला. नाहीतर मी त्रास दिला नसता."

त्याच क्षणी पलीकडून वर्नाचा आवाज आला, "पिकल! ती चप्पल खाली ठेव! ठेव म्हणते ना!" तो आवाज कॅनडाच्या म्हाताऱ्यापर्यंत सहज पोचला असेल.

क्लेलने भावाकडे बघितलं. मग फोन घेतला आणि निघाला. ऑरिनची कंपनी कुठली ते विचारलं, अ‍ॅपमध्ये त्या कंपनीचा उपग्रह निवडला, तिपाई उभी केली, पाय सारखे केले. उघडा फोन धुळीने भरलेल्या आभाळाकडे धरला. पिवळी कमान दिसली, ठिपका दिसला. धुळीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

"मी आत बसतो," ऑरिन म्हणाला.

"गरज नाही. फोन दाखवतोय. आवाज मोठा कर फक्त."

"बसतो ना."

तो आत गेला. वर्नाला टीव्हीसमोरून उठवलं आणि स्वतः बसला. क्लेलने छत्री वळवली, आणि आतून ऑरिनचा आवाज आला. कोळशाच्या ट्रकमधून माणसांना हाका मारून मारून तयार झालेला आवाज होता तो.

"वाढतोय! वाढला! अजून जरा उजवीकडे! आता... आला! थांब! चित्र आलं!"

क्लेल आधीच थांबला होता. नट आवळून झाले होते. त्याने फोन खिशात घातला आणि पाना तिपाईवर ठेवला.

"ऐकू आलं का तुला?" ऑरिन ओरडला.

"आलं," क्लेल म्हणाला. "तू सांगत होतास म्हणून बरं झालं."